पांढऱ्या गाडीचा कौल

“…आणि आधीच ठरवून आला असशील, तर?”

असं विचारून गैबीनाथबाबांनी मुरारी चौगुल्याचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा कौलाच्या दगडावर दाबला.

“नाही बाबा.”

“काय न्हाई?”

“काही ठरवलेलं नाही. मोकळ्या मनानं आलोय.”

“मोकळ्या मनानं…” बाबा म्हणाले. त्यांनी एकदा मुरारीकडं बघितलं, एकदा त्याच्या बायकोकडं, आणि मनगट सोडलं.

मोकळं मन! डोंबलाचं मोकळं मन. आदल्याच दिवशी हा गडी शोरूममध्ये जाऊन पांढरी गाडी नोंदवून आला होता. मॅनेजरनं दिलेला पेढा खाल्ला, हात मिळवला, आणि घरी येऊन भाकरी मोडताना बायकोला चकार शब्द सांगितला नाही. हे काही ठरवणं नव्हे, ही नुसती नोंदणी, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती. रात्री झोपही चांगली लागली होती त्याला.

भैरीच्या डोंगरावरच्या त्या मठात कौलाची रीत साधी. देवाच्या दगडाला दोन खांदे. प्रत्येक खांद्यावर पाण्यानं एक शेवंतीचं फूल चिकटवायचं, एकेका फुलाला एकेक गोष्ट नेमून द्यायची आणि बघत बसायचं. जे फूल आधी पडेल तो देवाचा होकार. लोक सोयरिकीचं विचारायचे, विहिरीचं विचारायचे, हल्ली गाड्यांचंही विचारायला लागले होते. बाबा कशालाच नको म्हणत नसत. अट एकच. जे करून बसलायस त्याचा कौल मागायचा नाही. म्हणून आधी दगडावर हात ठेवून तसं सांगायचं.

मुरारीला ही अट पाठ होती. पाइप आणि मोटारपंपांचं दुकान सांभाळून तो वर्षानुवर्षं मठात येत होता. मठाचं छप्पर त्यानं घातलं होतं, विहिरीवरची मोटर त्यानं बसवली होती. आपण बाबांचे खास, असं तो धरून चालायचा. बाबा काय धरून चालायचे ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण बाबा सगळ्यांवर सारखेच खेकसायचे.

घरातली जुनी गाडी आता काढायला झाली होती. नवी कुठली घ्यायची, यावरून गणपती उठल्यापासून चौगुल्यांच्या घरात धुमसत होतं.

मुरारीला पांढरी पाहिजे होती. त्याच्या गल्लीत ज्याच्या त्याच्याकडं तीच. बिघडत नाही, पार्ट कुठल्याही गावात मिळतात, तेल कमी पिते, उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात उभं.

शालनला तांबडी पाहिजे होती. बसकी, टप उघडणारी. तिच्या डिकीत गव्हाचं पोतं मावत नव्हतं. बिघडली तर पार्ट पुण्याहून येणार. शोरूममधल्या पोरानंच हळू आवाजात सांगितलं होतं, काका, ही हौसेची गाडी आहे, बघा बुवा.

“हौस करायचं वय आहे का तुझं?” मुरारीनं बायकोला सगळ्यांसमोर विचारलं होतं.

ते विचारायला नको होतं. त्या दिवसापासून शालन जी गप्प झाली, ती कालपरवा बोलली.

“बाबांच्या कौलावर सोडा,” ती म्हणाली होती. “पांढरी आली तर पांढरी. मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण त्यात तुम्ही लबाडी केलीत ना, तर मी मठातूनच निपाणीला ताईकडं निघून जाईन. परत यायची नाही. पिशवी भरून बरोबर घेणार आहे. सांगितलं नाही म्हणू नका.”

बायका असं म्हणतातच, असा विचार करून मुरारीनं ते सोडून दिलं. पिशवी मात्र खरंच आली होती. आत्ता ती शालनच्या पायाशी होती.

बाबांनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं.

“कुठली कुठं लावू?”

“पांढरी उजवीकडं,” मुरारी म्हणाला. “तांबडी डावीकडं.”

“तुझं काय म्हणणं, बाई?”

“कुठंही लावा,” शालन म्हणाली.

बाबांनी दोन फुलं लावली. अंगठ्यानं जरा दाबली आणि मागं सरकून बसले.

तिघंही दगडाकडं बघत राहिले. बाहेर लिंबाखाली कुणाची तरी शेळी ओरडत होती.

“बोलायची बंदी न्हाई,” बाबा म्हणाले. “मुरारी, पांढरी कशापायी पाहिजे रं तुला?”

“भरवशाची आहे बाबा.”

“भरवसा म्हंजे काय?”

“म्हणजे… वेळेला दगा द्यायची नाही.”

“कुणाच्या वेळेला?”

“माझ्याच की.”

“हं…” बाबा म्हणाले. “आणि तुझं गं? हसतीस कशाला?”

“हसले नाही,” शालन म्हणाली. “ह्यांच्या वेळा आठवल्या.”

मुरारीनं तिच्याकडं रागानं बघितलं. बाबांच्या पुढ्यात तरी जीभ आवरावी माणसानं.

“तुला ती तांबडी कशाला पाहिजे ते सांग,” बाबा तिच्यावर खेकसले.

“मी ती चालवून बघितली. बायपासवर. शेजारी शोरूमचा पोरगा होता. टप उघडला त्यानं, आणि वारं आलं, आणि मी हसले. मोठ्यानं. माझा मलाच आवाज ओळखू येईना.”

“हसायला गाडी लागती व्हय गं?”

“घरात कुठं हसू, ते तुम्हीच सांगा.”

बाबांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मुरारीनं बाबांना कधी असं अडलेलं बघितलं नव्हतं. त्याला ते आवडलं नाही. ह्या बाईनं आता बाबांनाही सोडलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

“आणि बिघडली तर?” बाबांनी विचारलं.

“बिघडेल की. तेव्हा बघीन तिच्याकडं. कुणाकडं तरी कधीतरी बघावं लागतंय न्हवं, बाबा?”

“ऐका!” मुरारी उसळला. “ऐका बाबा, हे असलं चाललंय महिनाभर. उद्या रस्त्यात मधेच बंद पडली म्हणजे? पावसापाण्याचं? ढकलायचं कुणी? मी वाईट सांगतोय का? संसारी माणसानं चार गोष्टी बघून…”

तेवढ्यात उजवीकडचं फूल सुटलं.

अगदी अलगद सुटलं, दगडावरून घसरलं आणि खाली पडलं. डावीकडचं जागच्या जागी होतं.

“पडलं!” मुरारी गुडघ्यांवर उभाच राहिला. “पांढरी! बघितलंस? बघ, बघ नीट! मी म्हणत होतो का नाही? घसा फोडून सांगत होतो. आता देवानं सांगितलं. आता तरी पटलं?”

शालननं फुलाकडं बघितलं. मग मान हलवली.

“पटलं,” ती म्हणाली. “शब्द दिलाय. पांढरी तर पांढरी.”

तिनं ते इतकं सरळ म्हटलं की मुरारीला एकदम मोठेपणा आला. जिंकलेल्या माणसानं जरा उदार व्हावं, तसं झालं त्याचं. दोन्ही हात जोडून तो बाबांकडं वळला.

“बाबा, सोमवारी गाडी थेट इकडंच आणतो. घरी न्यायच्या आधी. पहिला हार तुमच्या हातचा.”

“कुठल्या सोमवारी?” शालननं विचारलं.

“ह्याच.”

“ह्याच सोमवारी कशी येईल?”

“अगं म्हणजे…”

“नोंदवल्यावर पंधरा दिवस लागतात म्हणाला होता तो पोरगा. माझ्या तोंडावर म्हणाला होता.”

“ओळख आहे आपली. लवकर देतील.”

“कधी नोंदवली?”

मुरारीनं बाबांकडं बघितलं. बाबा तांब्याकडं बघत होते.

“कधी नोंदवली, विचारते मी.”

“…काल.”

शालन रडली असती तर मुरारीला बरं वाटलं असतं. रडणाऱ्या बाईची समजूत घालता येते, तिला साडी घेता येते, महालक्ष्मीला नेता येतं. ती रडली नाही. तिचा चेहरा लाल झाला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत गेला.

“काल,” ती म्हणाली. “काल रात्री भाकरी वाढली मी तुम्हाला. ‘उद्या लवकर उठव, बाबांकडं जायचंय’ म्हणालात. मी गजर लावला. काल!”

“शालन, नुसती नोंदणी…”

“आणि दगडावर हात ठेवलात!”

“बाबा, चूक झाली,” मुरारी घाईघाईनं म्हणाला. हे त्याला जमत होतं. “देवाच्या पाया पडतो. नारळ वाढवतो, तुम्ही सांगाल ती शांत करतो. मठाला…”

“देवाचं सोड,” बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि मुरारीला त्याचीच भीती वाटली. “देवाला रोज कोण ना कोण फशिवतंय. त्याला सवय हाय. मी तुझं मनगट धरून कुणाकडं बघितलं हुतं?”

मुरारीनं खिशाचं पेन चाचपलं.

“दगडाकडं बघितलं हुतं? का हिच्याकडं?”

आता मुरारीला राग आला. खरा राग आला. ह्या मठासाठी आपण काय नाही केलं, आणि हे आपल्यालाच चोरासारखं विचारतात, तेही बायकोसमोर. त्याच्या मानेवरची शीर टम्म फुगली.

“बरं, बोललो खोटं! एकदा बोललो. पण निघालं काय? पांढरीच निघाली ना? देवानंही तेच सांगितलं ना? मग चुकलं कुठं माझं? मी जे केलं तेच देवाच्या मनात होतं!”

बाबांनी तांब्या उचलला आणि अख्खं पाणी दगडावर ओतलं. डावीकडचं फूलही वाहून गेलं.

“बघ,” ते म्हणाले. “पाणी कुठल्या बाजूनं वाहतंय?”

मुरारीनं बघितलं. पाणी उजव्या अंगानं वाहत होतं. डावीकडं नुसता ओलावा.

“दगड वाकडा हाय,” बाबा म्हणाले. “उजवा खांदा उतरता हाय. उजवं फूल आधीच पडतंय. माझ्या गुरूच्या वक्ताला पडायचं, माझ्या वक्ताला पडतंय.”

मुरारीच्या तोंडाचा आ झाला.

“म्हणजे… सगळं खोटंच? एवढी माणसं येतात, लग्नं ठरवतात… आणि तुम्ही…”

“माणसं फुलाकडं बघत्यात. कुठलं फूल उजवीकडं लावा म्हणत्यात, ते मी बघतो. तू काय म्हणालास?”

मुरारीला दगडाचा उतार माहीत होता का? इतक्या वेळा मठात बसून, इतके कौल लागताना बघून, डोळ्यांना काय दिसलं नसेल? त्यानं खरं म्हणजे स्वतःला ते कधी विचारलं नव्हतं. पण ‘उजवीकडं’ म्हणताना त्याला क्षणाचाही विचार करावा लागला नव्हता, एवढं त्याला आत्ता आठवलं, आणि कान तापले.

“आणि हिला इचारलं तर काय म्हणाली?” बाबा म्हणाले. “कुठंही लावा.”

शालननं पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. मग एकदम बोलायला लागली. मुरारीकडं बघून नाही, दगडाकडं बघून.

“भरवसा म्हणतात हे. बिघडत नाही म्हणून पांढरी. मी कधी बिघडले? ह्यांच्या आईला अंथरुणातून उठता येत नव्हतं, तेव्हा बिघडले? दुकान बुडायला आलं, मी पहाटे उठून मेसचे डबे करून दिले, तेव्हा बंद पडले? गाडीची सर्व्हिसिंग तारखेवर होते ह्यांच्या. एक दिवस पुढं जात नाही. इंजिनाचा आवाज जरा बदलला की हे रस्त्यात उतरून बॉनेट उघडतात. माझा गुडघा जिना चढताना वाजतो, वर्षं झाली, शेजारच्या खोलीत ऐकू जातो. विचारा ह्यांना, कुठला गुडघा?”

बाबांनी मुरारीकडं बघितलं.

“कुठला रं?”

मुरारीनं शालनच्या पायांकडं बघितलं. ती मांडी घालून बसली होती, पिशवी मांडीवर. त्याला काहीच दिसेना.

“…उजवा,” तो म्हणाला.

“डावा,” शालन म्हणाली.

बाबा हसले नाहीत. त्यांचा संताप आता उघडा दिसत होता.

“न बिघडणारी वस्तू कशाला पाहिजे माणसाला?” त्यांनी विचारलं.

“काळजी नको म्हणून,” मुरारी पुटपुटला.

“कुणाची काळजी?”

“गाडीचीच की, बाबा. दुसरी कुणाची?”

“तुझं दुकान चालतंय कशावर? सांग की. मोटर बसीव आणि इसरून जा, असंच सांगतोस न्हवं गिऱ्हाईकाला?”

“ते धंद्याचं बोलणं झालं.”

“तेच घरात चालीवलंस.”

मुरारीला फक्त एवढंच वाटत होतं की हे सगळं लवकर संपावं, आणि तिघांनी चहा घ्यावा, आणि शालननं गाडीत बसावं, आणि वाटेत गप्प का होईना पण बरोबर यावं. गप्प असलेली शालन त्याला चालत होती. त्याची सवय होती त्याला.

बाबांनी पितळी ताटातून एक फूल उचललं. पिवळं होतं.

“आता एक कौल मी लावतो,” ते म्हणाले. “गाडीचा न्हवं. हे फूल दगडाच्या कपाळावर. पडलं तर ही गेली. न्हाई पडलं तर ही ऱ्हायली.”

“बाबा, हे काय…”

“का? तुझा भरवसा हाय न्हवं कौलावर?”

“बाबा, नको.”

“आत्ताच तर म्हणालास, देवाच्या मनात हुतं.”

“नको म्हणतो ना!”

“दगड वाकडा हाय, ते आत्ता बघितलंस डोळ्यांनी. फूल काय, कसंबी पडंल, कसंबी ऱ्हाईल. त्याचा आणि हिचा काय संबंध? मग भितोस कशापायी?”

आणि बोलता बोलताच बाबांनी ओलं फूल दगडाच्या कपाळावर टेकवलं. दाबलं नाही. नुसतं टेकवलं.

फूल लगेच खाली सरकलं. अगदी जरासंच.

मुरारीनं उडी मारली. खरंच मारली. एवढा पोटाचा घेर, पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि गुडघ्यांवर रांगत जाऊन त्यानं उजवा पंजा फुलावर दाबून धरला.

फूल पडलं नाही.

तो तसाच राहिला. दगड गार होता. पंजाखाली पाकळ्या चुरगळत होत्या. त्याचा श्वास मोठ्यानं चालला होता, आणि आपल्याला काय होतंय ते त्याला कळत नव्हतं. दगड खोटा, कौल खोटा, हे माहीत असून हात काढायची हिंमत होईना. हात काढला आणि फूल पडलं तर? संध्याकाळी कुलूप उघडून आत जायचं, दिवा आपणच लावायचा, आणि आतून भांड्याचा आवाज यायचा नाही… हे त्याच्या मनात इतक्या वर्षांत पहिल्यांदा आलं.

“किती येळ धरशील?” बाबांनी विचारलं.

मुरारीनं पंजा आणखी दाबला.

“दुकान कवा उघडायचंय? जेवायला उठशील का न्हाई?”

“बाबा, मला भ्या वाटतंय,” मुरारी म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या आवाजासारखा नव्हता. शहरी बोलणं गळून पडलं होतं.

“आत्ता खरं बोललास.”

शालन उठली. उठताना गुडघा वाजला, कट्ट करून. आज तो मुरारीला ऐकू आला.

ती दगडापाशी आली. वाकून तिनं मुरारीचा पंजा धरला. त्याला वाटलं ती आता हात हातात घेईल. तिनं एकेक बोट सोडवलं. करंगळी, मग शेजारचं, मग मधलं. जोर लावावा लागला, कारण तो सोडत नव्हता.

“सोडा,” ती म्हणाली.

“शालन…”

“सोडा म्हणते ना. फूल चुरगळलंत सगळं.”

त्यानं सोडलं.

फूल पडायच्या आत तिनं ते दगडावरून काढून घेतलं. चुरगळलेल्या पाकळ्या बोटानं सरळ केल्या, आणि ते आपल्या केसांत, अंबाड्याला खोचलं.

कौलाला लावलेलं फूल! देवाचा निकाल यायच्या आधी कुणी त्याला हात लावत नाही, मग ते डोक्यात माळणं तर सोडाच. मुरारीनं घाबरून बाबांकडं बघितलं, आता बाबा काय करतात म्हणून.

बाबांनी शालनला हात जोडले.

शालननंही जोडले. मग तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि मठाच्या दारातून बाहेर पडली. मागं वळून बघितलं नाही. पायऱ्यांवरून तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जाऊ लागला. खाली वळणावर निपाणीची एसटी थांबते.

“बाबा…” मुरारी म्हणाला. “बाबा, कौल मोडला तिनं. आता? पडलं म्हणायचं का राहिलं म्हणायचं?”

बाबा रिकामा तांब्या पालथा घालत होते.

“काही तरी बोला की!”

बाबांनी मुरारीकडं असं बघितलं, की तो उठून दाराकडं धावला.

दारात तो थांबला. पांढरी आता रद्द करायला पाहिजे, हे त्याच्या डोक्यात लखकन आलं. हो, हेच करायला पाहिजे. आत्ताच्या आत्ता. त्यानं खिशातून फोन काढला. एका हातानं मॅनेजरचा नंबर शोधत, पायानं भिंतीकडेच्या चपलांत आपली चप्पल चाचपत तो मोठमोठ्यानं बोलायला लागला.

“रद्द करतो, बाबा. आत्ता रद्द करतो. तांबडी सांगतो. टप उघडणारीच सांगतो. पार्ट पुण्याहून येऊ देत, नाही तर विलायतेहून येऊ देत. मग तर झालं? का… का दोन्ही नको? तिसरीच बघू एखादी? बाबा, मला खरं खरं सांगा, गाडी कुठली घेऊ?”

खालून, वळणावरून, एसटीचा हॉर्न वाजला.

मुरारीला एक चप्पल सापडली होती. दुसरी सापडत नव्हती.

“चप्पल ऱ्हाऊ दे,” बाबा ओरडले. “पळ!”